चांदीच्या पानाचा भुईपाव

केझबानने वाळकी काठी जमिनीत खुपसली तरी तिला पालवी फुटेल, असं तिच्या माहेरी, डोंगरावरच्या कारादोरुकला म्हणत. लहानपणापासून हे ऐकत ती मोठी झाली आणि तिने ते मनापासून खरं मानलं. मानायला हरकत नव्हती, कारण तिने लावलेलं कधी वाया गेलेलं नव्हतं. मिरच्या, भोपळे, अंजीर, जे लावेल ते असं फोफावायचं की शेजारच्या बायका कुंपणावरून बघून सुस्कारे टाकायच्या. मुळातच नाकावर माशी बसू न देणारी पोरगी, त्यात हे कौतुक. मग काय विचारता!

तिचं लग्न झालं ते खाली समुद्राच्या बाजूला, ताशलीदेरे गावात. नवरा दुरमुश मधमाशांच्या पेट्या बाळगून होता. उन्हाळा आला की ट्रकमध्ये पेट्या भरून तो वरच्या थंड डोंगरात जायचा. तिथे झऱ्यावर पाणी भरणाऱ्या केझबानने त्याला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "तुझ्या माश्या आमच्या रानातलं पाणी न विचारता पितात. माणसं तरी विचारतात की तीही तसलीच?" दुरमुश बापडा मवाळ. तो विचारायला म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या बापाच्या दारात गेला, आणि त्याने विचारलं ते भलतंच. बापाने हो म्हटलं.

सासरी येताना केझबानने पेटीत कपड्यांबरोबर एका रुमालात माहेरचे चार-पाच कंद बांधून आणले. शहरात ज्याला सायक्लेमेन म्हणतात ते हे फूल. पण गावाकडे असली नावं कोण घेतो? कंद चपटा, गोल, तपकिरी, मातीत भाजून ठेवलेल्या पावासारखा. म्हणून त्याला भुईपाव म्हणायचं. कारादोरुकच्या पाईनच्या रानात पावसाळा लागला की सगळी जमीन त्याच्या फिक्या गुलाबी फुलांनी भरून जाते. केझबानने ते कंद सासरच्या अंगणात एका फुटक्या कुंडीत लावले, मुळं खाली करून, वर ओंजळभर पाईनच्या काड्या. सप्टेंबर सरता सरता कुंडी फुलली.

आणि तिथूनच सासू-सुनेचं वाजलं.

सासूचं नाव एल्मास. हाडापेराने बारीक, जिभेने दणकट. तिने कुंडीतलं एक फूल दोन बोटांत धरून खालून वरून न्याहाळलं आणि विचारलं, "याला कान कुठायत गं?"

"फुलाला कसले कान, आन्ने?" केझबान म्हणाली. आन्ने म्हणजे आई. सासूलाही तसंच म्हणायचं.

"इकडे ये." एल्मास तिला पायरीशी घेऊन गेली. तिथेही भुईपाव फुलला होता, पण हा खालच्या मुलखातला. एल्मासने फूल हळूच वर उचलून तिला आतली बाजू दाखवली. सगळ्या भुईपावांच्या पाकळ्या मागे उलटलेल्या असतात, तशा याच्याही होत्या. पण जिथे पाकळी उलटते तिथे, अगदी फुलाच्या तोंडाशी, प्रत्येक पाकळीला दोन बारीक मुरडी होत्या, कानाच्या पाळ्यांसारख्या. "हे बघ कान. तुमच्या डोंगरातल्याला नाहीत. तरीच म्हटलं, सून सांगितलेलं ऐकत का नाही!"

"कान नसतील," केझबान म्हणाली, "पण जरा नाक लावून बघा. मधासारखा वास येतो. येतो का तुमच्या फुलाला?"

एल्मासने कुंडीवर वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला. मग सरळ उभी राहून म्हणाली, "मला सर्दी झालीय."

"आणि आमचं फूल कसं, पानं बरोबर घेऊन येतं, अंगभर नेसून. तुमचं मेलं आधी उघडंच येतं, कपडे मागाहून!"

"देखण्याला कपडे लागतात कशाला?" एल्मास म्हणाली आणि खो खो हसत आत गेली.

वीस वर्षं हे असं चाललं. दर हिवाळ्याआधी दोघी आपापल्या फुलाची बाजू घेऊन भांडायच्या, आणि दुरमुश पेट्यांच्या आड तोंड लपवून बसायचा. गावाला वाटायचं, या दोघींचं जमत नाही. मी म्हणेन, जमत नसतं तर वीस वर्षं एकाच विषयावर कुणी भांडतं का? न जमणारी माणसं गप्प बसतात.

एक गोष्ट मात्र केझबानने कधी तोंडाने कबूल केली नाही. पानांच्या बाबतीत ताशलीदेरेला तोड नव्हती. तिच्या माहेरी सगळी पानं एका साच्यातली. लहान, गोलसर, मधे फिकट ठिपका, म्हणजे सरकारी शाळेतली पोरं रांगेत उभी केल्यासारखी. इथे एकासारखं दुसरं सापडेल तर शपथ. एक पान आयव्हीच्या वेलासारखं टोकाटोकांचं, दुसरं भाल्याच्या पात्यासारखं लांब. एखाद्यावर चांदीची कड, एखाद्यावर राखाडी शिंतोडे, एखादं गर्द हिरवं, साधं. बायका नुसतं पान बघून सांगायच्या, हे अमकीच्या अंगणातलं. भुईपावाचं बी मुंग्या उचलून नेतात, त्याला गोड साल असते म्हणून. त्यामुळे एका अंगणातलं पान दुसऱ्या अंगणात निघायचं आणि मग जुंपायचीच. शेजारची हुरूआजी आणि एल्मास यांचा अशाच एका पानावरून दोन हिवाळे अबोला होता. शेवटी हुरूआजीच म्हणाली, "बाई, मी नाही चोरलं. मुंगीला पकडून विचार."

आणि सगळ्यांत वरचं पान होतं एल्मासच्या पायरीशी, डाळिंबाच्या मुळांत. ते अख्खंच्या अख्खं चांदीचं होतं, हिरव्याचा मागमूस नाही, फक्त मधोमध शिरेपाशी काळसर बोटभर छटा. तो कंद जुना, ताटाएवढा. फूल गळलं की भुईपावाचा देठ गुंडाळत गुंडाळत बोंड जमिनीशी खेचून आणतो. एल्मास ते बघून म्हणायची, "बघ, लेकरू कसं पोटाशी ओढून घेतं." त्या बोंडांतलं बी तिने किती वेळा पेरलं! पोरं झाली पुष्कळ. कुणी अर्धं चांदीचं निघालं, कुणी ठिपक्यांचं. पण आईसारखं एकही निघालं नाही. ते पान जगात एकच होतं, म्हणजे निदान ताशलीदेरेपुरतं जग धरलं तर.

ताशलीदेरेची आणखी एक रीत. इथे भुईपाव कुणी उकरत नाही. उकरणं हे रानडुकराचं काम, माणसाचं नव्हे, असं म्हणतात. बी पेरा, मुंग्यांना पेरू द्या, पण कंदाला हात लावायचा नाही. केझबानला याचं हसू यायचं. तिच्या माहेरी एके काळी व्यापारी यायचे, आणि तिने बापाबरोबर पोत्यांनी कंद काढलेले होते. "मला कंद शिकवू नका," ती म्हणायची. "त्याचं पोट, पाठ सगळं मला तोंडपाठ आहे."

ऐन उन्हाळ्यात एल्मास आजारी पडली. शेवटच्या दिवसांत तिने केझबानला जवळ बोलावलं. लेक नाजिये सोके शहरातून येऊन-जाऊन होती; त्या वेळी ती बाहेर चहा करत होती.

"गेलिन," एल्मास म्हणाली. गेलिन म्हणजे सूनबाई, आणि ती हाक एल्मासच्या तोंडी कधी शिवी असायची, कधी मिठी. "मी गेले की नाजिये माझ्या छातीवर संगमरवर बसवेल. तिच्या सासरच्यांच्या कबरींना बसवलाय तसा. मला दगड नको. आयुष्यभर दगडच उचलले, ऑलिव्हच्या बांधांचे. माझ्यावर ते चांदीचं लाव."

"पायरीचं? ते हलवायचं?"

"लेकीला सांगितलं असतं, पण तिला कंद आणि कांदा सारखाच. तू म्हणतेस ना, तुझ्या हाताला यश आहे? दाखव मग."

"दाखवते," केझबान म्हणाली.

एल्मास गेली आणि तिला नवऱ्याशेजारी जागा मिळाली. ह्युसमेन म्हाताऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या कबरीवर साध्या हिरव्या पानांचे भुईपाव आपोआप माजले होते. दोन्ही कबरींच्या मधे फक्त कडेच्या दगडांची एक ओळ. हुरूआजी म्हणाली, "आयुष्यभर तो गाढवावर पुढे आणि ही पायी मागे. एकदा मागे वळून बघितलं नाही मेल्याने. आता तरी बघेल."

चाळिसाव्याचं पठण झाल्यावर दुरमुशने पहारीने पायरीचा दगड उचलला. डाळिंबाची मुळं तोडावी लागली. शेवटचा हिसका बसला आणि कंद मातीच्या ढेकळासकट सुटून गडगडत खाली अंगणात आला. केझबानने तो मांडीवर घेऊन झटकला. भाकरीसारखा रुंद. एक बाजू गुळगुळीत, फुगीर. दुसऱ्या बाजूला मुळांची दाढी आणि काही सुकलेले खुंट. पान उन्हाळ्यात नसतंच.

"कुठली बाजू वर होती?" दुरमुशने विचारलं.

"दुरमुश, तुला डोळे आहेत ना? मुळं दिसत नाहीत?" केझबान म्हणाली. "मुळं खाली. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं."

आणि तिने तो कंद सासूच्या कबरीवर, डोक्याच्या बाजूला, मुळं व्यवस्थित खाली पसरून, प्रेमाने लावला.

पहिला पाऊस पडला. ताशलीदेरेत कुठे बघावं तिथे भुईपाव. बांधांवर, ओकच्या झाडांखाली, मशिदीच्या मागच्या भिंतीत. कबरस्तान तर गुलाबी झालं होतं. एल्मासची कबर तेवढी उघडी. केझबान रोज पाणी घालून येई. आज नाही तर उद्या. उद्याही नाही. तिच्या हाताने लावलेलं उगवलं नाही, असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे काय करावं हेच तिला सुचेना.

त्या वर्षी कुर्बान बायराम, म्हणजे बकरी ईद, ऑक्टोबरात आला. सणाच्या आदल्या दिवशी सगळं गाव कबरींवर जातं, पाण्याच्या कळशा आणि सुवासिक डहाळ्या घेऊन. नाजिये शहरातून आली. नणंद म्हणजे नणंदच, शहरातली असली तरी. तिने आईची कबर बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

"सगळ्यांच्या आया फुलल्यात," ती म्हणाली, "आणि माझ्या आईच्या उरावर नुसती माती! काय केलंस गं?"

"लावलंय, अब्ला. येईल." अब्ला म्हणजे ताई. नणंदेलाही तसंच म्हणायचं.

"कधी? सगळ्यांची कधीच आली." नाजियेचा आवाज चढला तशा आजूबाजूच्या बायका डहाळ्या खोचायच्या थांबल्या. "तू डोंगरची. आमच्या फुलाचं तुला काय कळणार? पायरीशी सुखाने होतं, ते उपटून मारलंस. आईही गेली आणि तिचं पानही गेलं."

हुरूआजीने डोकं हलवलं. "मेलेली सासू रुसली की माती मुकी होते, असं माझी आई म्हणायची."

हे केझबानच्या जिव्हारी लागलं. हातातली कळशी तिने पुन्हा त्या उघड्या मातीवर उपडी केली.

"दगड घडवणाऱ्या रेजेप उस्ताला सांगितलंय मी," नाजिये म्हणाली. "बायराम झाला की चार दिवसांनी दगड घेऊन येईल. वरून संगमरवर, कडेकोट बंद. निदान स्वच्छ तरी राहील."

"आन्नेला दगड नको होता."

"मग फूल दाखव."

केझबान रिकामी कळशी कमरेवर घेऊन घराकडे वळली.

सण झाला. मटण शिजलं, वाटलं, खाल्लं. केझबानला चव लागली नाही. दगड बसला की संपलं. खाली कंद मेला असेल तर मेला, जिवंत असेल तर गुदमरून मरेल, आणि तिने दिलेला शब्द त्याच्याबरोबर पुरला जाईल. वीस वर्षं जिच्याशी भांडून मान ताठ ठेवली, तिच्यासमोर अशी हार? आणि तीही ती उठून टोमणा मारू शकत नाही तेव्हा? रात्री कूस बदलत ती दुरमुशला म्हणाली, "भांडली असती तरी चाललं असतं रे." दुरमुशने नुसता तिच्या हातावर हात ठेवला.

संगमरवर यायच्या आदल्या दिवशी ती ऑलिव्हच्या बागेत होती. पावसाने वरचा बांध ढासळला होता, आणि दगड पुन्हा रचल्याशिवाय झाडांखाली फळं झेलायची जाळी अंथरता येत नव्हती. ती दगड उचलू लागली. पडलेल्या बांधाच्या पोटात, मातीच्या कापात, एक भुईपाव अर्धा बाहेर लोंबत होता. कुणी लावलेला नाही, कुणी हलवलेला नाही. जसा जन्मला तसा.

केझबान बघतच राहिली.

त्याचं पोट खाली होतं, गुळगुळीत, एकही मूळ नसलेलं. आणि मुळांची सगळी दाढी होती डोक्यावर. वरून, खांद्यावरून फुटून ती चहूबाजूंनी मातीत पसरली होती. त्याच डोक्यातून पानं आणि फुलं.

"अगं बाई!" केझबान जोरात म्हणाली. तिने कपाळावर हात मारला, मातीचाच. मग तिला हसू फुटलं. मग रडूही. खाली उतरून तिने दुसरा एक दगड हलवला, तिसरा हलवला. बांधातले सगळे तसेच. सगळ्यांची मुळं डोक्यावर.

घरी येऊन तिने दुरमुशला सांगितलं. तो पेट्यांवर झाकणं बसवत होता.

"म्हणजे तू तिला उलटी लावलीस," दुरमुश म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "उद्या सकाळी लवकर जा. गुपचूप उलटून ये. कुणाला कळायला नको."

"आणि कबरीवर एकटी बाई माती उकरताना कुणी बघितली तर? सासूच्या उशाशी ताईत पुरतेय, करणी करतेय म्हणतील. सात पिढ्या पुरेल ते."

"मग दगड बसू दे. कोण विचारतंय?"

"मी विचारते," केझबान म्हणाली. "आणि लपूनछपून करायला मी काय चोर आहे? लावलं ते चारचौघांत. काढीन तेही चारचौघांत."

दुसऱ्या दिवशी रेजेप उस्ता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दगड घेऊन आला. पांढरा, चकचकीत. नाजिये होती, हुरूआजी होती, आणि जिथे संगमरवर येतो तिथे गावातली निम्मी माणसं आपोआप येतात, ती होती. उस्ताने फावडं उचललं तेवढ्यात केझबान आली. तिच्या अंगावर शेतातले कपडे होते आणि डोक्याला घट्ट फडकं.

"थांबा," ती म्हणाली. आवाज असा की ट्रॅक्टरही बंद झाला. "मी कंद उलटा लावला."

कुणाला काही कळेना.

"आमच्या डोंगरातल्या भुईपावाला मुळं पोटाखाली असतात. तुमच्याला डोक्यावर. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मला सगळं माहीत आहे. मुळं खाली करून लावला, म्हणजे आन्नेचं चांदीचं पान डोक्यावर उभं आहे गेले तीन महिने."

आधी हुरूआजी हसली. मग सगळेच. नाजियेही हसली, पण तिचं हसणं तिखट होतं. "हाच का तो यशाचा हात? काठीला पालवी फोडणारा?"

केझबानचे कान लाल झाले. पण मान खाली गेली नाही. "हसा," ती म्हणाली. "पोटभर हसा, मी उभी आहे. हसून झालं की फावडं खाली ठेवा."

"डोक्यावर मुळं!" हुरूआजी डोळे पुसत म्हणाली. "मी ऐंशीची झाले, मला नव्हतं ठाऊक."

"कसं असेल? तुम्ही उकरत नाही. आणि मी उकरायचे ते दुसऱ्याच जातीचे." केझबान गुडघ्यावर बसली. "अब्ला, मला एकदा बघू दे. कुजला असेल तर दगड मी स्वतः उचलून ठेवीन."

नाजिये एक पाऊल मागे सरली.

केझबानने बोटांनी माती सारली. फावडं नाही, खुरपं नाही. थोडं खाली गेल्यावर हाताला कंद लागला. तिने अंगठ्याने दाबून बघितला. टणक होता. तिच्या तोंडून श्वास सुटला तो मागच्या रांगेतही ऐकू गेला. कडेने आणखी माती काढली तशा कंदाच्या खालून आलेल्या पांढऱ्या, लांबच लांब दांड्या दिसल्या, शेवयांसारख्या. खाली जायला निघालेल्या, तिथे अंधार बघून कंदाला वळसा घालून पुन्हा वर वळलेल्या. पण सरळ वर नाही. आडव्या, एकामागून एक, एकाच बाजूला चाललेल्या. केझबान बोटाने त्यांच्या मागोमाग गेली. त्या कडेच्या दगडाखाली शिरल्या होत्या.

"उस्ता," ती म्हणाली, "पहार आण. हळू. तोडलंस तर बघ."

रेजेप उस्ताने आयुष्यात एवढा हळू दगड उचलला नसेल. दांड्या त्याच्या खालून पलीकडे गेल्या होत्या, ह्युसमेनच्या कबरीत. केझबानने तिथला ओकच्या सुक्या पानांचा थर बाजूला केला.

म्हाताऱ्याच्या साध्या हिरव्या पानांत एक पान होतं, नाण्याएवढं, नुकतंच उलगडलेलं. अख्खं चांदीचं. त्याच्या शेजारी एकच फूल, उशिरा आलेलं, वाकड्या मानेचं. केझबानने ते बोटावर घेऊन वर केलं. दोन्ही कान जागेवर होते.

कुणी हसलं नाही. नाजिये केव्हा खाली बसली ते तिलाच कळलं नसावं, चांगला कोट मातीत लोळत होता. "मी जन्मले त्या वर्षी उगवलं होतं हे," ती म्हणाली. "पायरीशी. आई म्हणायची, तू आणि हे जुळी." मग ती लहान पोरीसारखी रडली. "बाबांकडे निघाली ती. बघ ना. उलटं लावलं, तरी वाट काढून बाबांकडे निघाली."

"पुन्हा गाढवामागून का?" कुणीतरी विचारलं.

"मागून कशाला? शेजारून," हुरूआजी म्हणाली, आणि आपलं नाक फडक्याला पुसलं.

नाजिये उठली. "उस्ता, दगड परत ने."

"बाई, मापाने कापून आणलाय. मी त्याचं काय करू?"

"तुझ्या दारात बसव. पाय घसरून पडलास की माझी आठवण काढ."

मग तिने केझबानकडे बघितलं. वीस वर्षांत तिने तिला नावाने नाही तर 'डोंगरची' म्हणूनच हाक मारली होती. "आता सरळ करणार ना गेलिन?" तिने विचारलं.

सासूची हाक नणंदेच्या तोंडून आली. केझबानने ती ऐकली, आणि ऐकलं असं दाखवलं नाही. तिने सगळी माती पुन्हा कंदावर लोटून वरून तळव्याने दाबली.

"नाही," ती म्हणाली. "तिने स्वतःची वाट शोधलीय. आता कुणी हात लावायचा नाही." ती उठली, गुडघे झटकले आणि गर्दीकडे वळून कमरेवर हात ठेवले. "आणि आता सांगा. सरळ लावलेलं सगळ्यांचंच उगवतं. उलटं लावून उगवून दाखवा कुणी! आहे की नाही यश हाताला?"

सगळं कबरस्तान हसलं, आणि या खेपेला केझबान सगळ्यांत मोठ्याने हसली.

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. तोवर दगड रेजेप उस्ताच्या दाराशी बसला होता आणि त्याची बायको त्यावरून एकदा घसरलीही होती. चांदीची पानं दोन्ही कबरींच्या मधे दाटून आली, निम्मी इकडे, निम्मी तिकडे, आणि त्यांच्यावर मूठभर फुलं. गावातल्या बायका येता-जाता बघायच्या आणि पोरींना सांगायच्या, हे आमच्या गेलिनने उलटं लावलेलं.

सणाची गर्दी ओसरल्यावर केझबान एकटीच गेली. हातात ती फुटकी कुंडी होती. सासूच्या पायाशी तिने तिच्यातले माहेरचे फुललेले दोन कंद लावले, मुळं खाली, पाईनच्या काड्या वर. लावताना दोनदा उलटसुलट करून खात्री केली. मग कडेच्या दगडावर बसली.

"आन्ने," ती म्हणाली, "तुमच्या फुलाला कान आहेत, तेव्हा ऐका. एकदाच सांगणार आहे. पान तुमचंच देखणं. असं पान अख्ख्या कारादोरुकला नाही, वरच्या कुठल्याच डोंगराला नाही. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. बोलले नाही, कारण तुम्ही डोक्यावर चढून बसला असता."

तिने आपल्या फुलाचा देठ चिमटीत धरून हळूच सासूच्या उशाच्या दिशेने वळवला.

"वास मात्र आमचाच. आता सर्दीचं कारण सांगू नका."